कमाई दोघांची मोजायची, भूक मात्र एकाचीच?

थोडी लांब पोस्ट आहे. वेळ असेल तरच वाचा. पण ज्यांची मुलगी, बहीण किंवा भाची लग्न होऊन इंग्लंडला गेली आहे किंवा जायची आहे, त्यांनी वेळ काढून वाचाच.

बीड जिल्ह्यातल्या पत्रकाराला ब्रिटनच्या नियमांशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. देणंघेणं आहे. आपल्या तालुक्यातून आता पुण्याइतक्या सहज मुली लंडनला, लेस्टरला, बर्मिंगहॅमला दिल्या जातात. बायोडाटावर "मुलगा यूके सिटिझन" एवढं असलं की पुढचं कुणी विचारत नाही. मग तिकडे मुलाची नोकरी जाते आणि इकडे आईबापाची झोप उडते.

असंच एक घर माझ्या माहितीतलं. मुलीचे वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. नाव-गाव सांगत नाही. जावई ब्रिटिश नागरिक, मुलगी तीन वर्षांपासून स्पाउस व्हिसावर. जावयाच्या कंपनीने विभागच बंद केला आणि त्यांची नोकरी गेली. मुलगी एका दुकानात अर्धवेळ काम करते. दोन महिने या जोडप्याने बेकारभत्त्यासाठी अर्जच केला नाही. का? कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं की सरकारी पैशाला हात लावला की बायकोचा व्हिसा रद्द. गुरुजी मला म्हणाले, "अहो, पतसंस्थेतली ठेव मोडून पाठवतो म्हणलं तर जावई नको म्हणत्यात. पोरगी फोनवर नीट बोलत नाही. तुम्ही पेपरवाले, जरा बघा ना काय भानगड हाय."

म्हणून बघितलं. आणि जे दिसलं ते फक्त गुरुजींना सांगून भागणार नाही, असं वाटलं.

आधी नियम समजून घेऊ. ब्रिटनमध्ये तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या बहुतेक परदेशी माणसांना एक अट असते. तिला म्हणतात "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स". सोप्या मराठीत, सरकारी मदतीवर हक्क नाही. ही अट पूर्वी व्हिसाच्या कार्डावर असायची, आता ई-व्हिसात असते. तिच्यामागचा कायदा १९९९ चा आहे, इमिग्रेशन अँड असायलम अ‍ॅक्ट, कलम ११५. कोणत्या मदतीला "पब्लिक फंड्स" म्हणायचं याची यादीच आहे. त्यात युनिव्हर्सल क्रेडिट, घरभाड्याची मदत, बालभत्ता, अपंगत्वाचे काही भत्ते, सरकारी घर हे सगळं येतं.

आता महत्त्वाचं. यादीत काय येत नाही, हे कुणी सांगत नाही. सरकारी शाळा येत नाही. सरकारी दवाखाना, म्हणजे एनएचएस, येत नाही. त्यासाठी व्हिसा काढतानाच माणशी वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरून घेतात, लाखाच्या वर रुपये झाले. आणि पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापून घेऊन जे भत्ते मिळतात, तेही या यादीत नाहीत. कारण ती मदत नाही, तो विमा आहे. भरलेल्या हप्त्याचा मोबदला आहे.

त्यातलाच एक "न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स". गेल्या दोन-तीन करवर्षांत नोकरी करून नॅशनल इन्शुरन्स पुरेसा भरला असेल, तर नोकरी गेल्यावर हा मिळतो. २०२५-२६ चा दर वय २५ आणि पुढच्यांना आठवड्याला ९२.०५ पौंड. जास्तीत जास्त १८२ दिवस. बायको काय कमावते, बँकेत किती आहे, तिचा व्हिसा कोणता, याच्याशी त्याचा संबंध नाही. सहा महिन्यांचे साधारण २,३९३ पौंड होतात. तिकडच्या घरभाड्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. पण ती त्याच्या हक्काची आहे, आणि ती घेतल्याने बायकोच्या व्हिसाला धक्का लागत नाही.

गुरुजींच्या जावयाने अनेक वर्षं नोकरी केली, दर महिन्याला कपात झाली. तरी दोन महिने घाबरून गप्प बसला. या भीतीची किंमत कोण भरून देणार?

दुसरा भत्ता म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट. हा खरा "पब्लिक फंड". इथे कपातीचा प्रश्न नसतो, घरातली गरज बघून मिळतो. नवरा ब्रिटिश नागरिक आहे किंवा त्याला कायम राहण्याची परवानगी आहे, तर त्याला अर्ज करता येतो. बायको अटीच्या व्हिसावर असली तरी येतो. फक्त बायको घरात आहे हे सांगावं लागतं, लपवायचं नाही. आणि इमिग्रेशनच्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की नवऱ्याला मिळणाऱ्या मदतीवर बायको राहिली एवढ्यावरून तिने सरकारी मदत घेतली असं धरायचं नाही. अट एकच: ती आहे म्हणून नवऱ्याला मिळणारी रक्कम वाढता कामा नये.

वाचायला बरं वाटतं ना? आता गंमत बघा.

रक्कम वाढू नये म्हणून सरकार काय करतं, तर नवऱ्याला एकट्या माणसाचा दर देतं. २०२५-२६ मध्ये २५ वर्षांवरच्या एकट्या माणसाचा मूळ दर महिन्याला ४००.१४ पौंड आणि जोडप्याचा ६२८.१०. बायको अटीच्या व्हिसावर म्हणजे ४००.१४. इथपर्यंत समजू शकतो. तिच्या वाटणीचं मिळणार नाही, ठीक.

पण बायकोची कमाई मात्र पूर्ण धरतात. तिची बचतही धरतात. भारतातल्या बँकेत तिच्या नावावर ठेव असेल तर तीही सांगावी लागते. दोघांची बचत मिळून १६,००० पौंडांवर गेली की अर्ज बाद.

हिशेब करून बघू. मूलबाळ नाही, घरभाड्याचा हिस्सा बाजूला ठेवू. बायको अर्धवेळ कामातून महिन्याला ७०० पौंड घरी आणते. नियम असा की कमाईच्या ५५ टक्के भत्त्यातून वजा. ७०० चे ५५ टक्के म्हणजे ३८५. चारशे पौंड चौदा पेन्समधून तीनशे पंच्याऐंशी गेले. राहिले पंधरा पौंड चौदा पेन्स. महिन्याला!

हेच दोघंही ब्रिटिश असते तर ६२८.१० मधून ३८५ वजा जाऊन २४३.१० पौंड मिळाले असते.

म्हणजे बायकोचा पगार मोजायला ती घरात आहे. बायकोचं जेवण मोजायला ती घरात नाही.

आपल्या बीडकरांना हे गणित नवीन नाही. दिवाळी झाली की आपल्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती "कोयत्या"ला. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. दोघांची नावं एका नावात. बाई पाळीमुळे, बाळंतपणामुळे किंवा आजारपणामुळे एक दिवस फडात गेली नाही की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. काम दोघांचं, मजुरी एका हातात, आणि दंड मात्र बाईच्या अंगावर. आपण यावर किती लिहिलं, किती मोर्चे काढले. लंडनच्या कचेरीतल्या संगणकाने कधी ऊस पाहिला नसेल, पण हिशेबाची पद्धत मुकादमाचीच आहे. फायद्याच्या वेळी जोडी धरायची आणि देण्याच्या वेळी जोडी सोडायची.

माझा आक्षेप एवढाच आहे. सरकारने काहीतरी एक ठरवावं. ती बाई त्या घराचा भाग मानत नसाल तर तिची कमाई मोजू नका. मोजत असाल तर तिचं पोटही मोजा.

यावर कमेंटमध्ये काय येणार ते मला आत्ताच दिसतंय. "तिकडे जायला कुणी सांगितलं होतं? त्यांच्या कर भरणाऱ्यांनी आपल्या पोरींना का पोसायचं?" प्रश्न चुकीचा नाही. कुठलाही देश आल्या-आल्या सगळं देत नाही आणि द्यावं असंही माझं म्हणणं नाही.

पण या प्रश्नात एक गृहीत आहे, की ही माणसं फक्त घेणारी आहेत. तसं नाही. स्पाउस व्हिसावर आलेल्या बाईला काम करायची परवानगी असते. ती काम करते तेव्हा ठरावीक उत्पन्नाच्या वर तिच्याही पगारातून आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो. एनएचएससाठी तिने आधीच वेगळे पैसे भरलेले असतात. शिवाय तिला तिकडे आणण्यासाठी नवऱ्याला ठरावीक उत्पन्न दाखवावंच लागतं. २०१२ मध्ये ही मर्यादा वर्षाला १८,६०० पौंड होती, ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी २९,००० आहे. म्हणजे दारातच पारखून घेतलेली माणसं आहेत ही. त्यांच्यातल्या कुणाची नोकरी गेली तर ते आळशी झाले असं होत नाही. नोकरी कुणाचीही जाते.

आणि ही अट किती लोकांच्या डोक्यावरून जाते याचा एक किस्सा नोंदलेला आहे. कोरोनाचा काळ, २७ मे २०२०. ब्रिटनच्या संसदेच्या लायझन कमिटीपुढे पंतप्रधान बोरिस जॉन्सन बसले होते. ईस्ट हॅमचे खासदार स्टीफन टिम्स यांनी त्यांच्या मतदारसंघातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगितली. अनेक वर्षं देशात राहून काम करणारे, मुलं तिथेच जन्मलेली. नवऱ्याचं उत्पन्न बंद झालं, बायकोच्या पगारात घरभाडंही निघत नाही, आणि या अटीमुळे मदत काही नाही. त्यावर जॉन्सन यांनी आश्चर्याने विचारलं की त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट का मिळत नाही? देशाच्या पंतप्रधानाला आपल्याच देशाची अट माहीत नव्हती. मग गुरुजींच्या मुलीला माहीत नसली तर तिला काय बोल लावायचा?

त्याच महिन्यात लंडनच्या हायकोर्टाने एका आठ वर्षांच्या ब्रिटिश मुलाच्या वतीने आलेल्या खटल्यात निकाल दिला. मुलाची आई याच अटीच्या व्हिसावर होती. कोर्टाने म्हटलं की माणूस कफल्लक होईपर्यंत थांबायला लावणारं हे धोरण तेवढ्यापुरतं बेकायदा आहे. हलाखी येणार हे दिसत असेल तर आधीच अट उठवता आली पाहिजे. आजही कुटुंबाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला अट काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. निर्धन झालो आहोत किंवा होण्याच्या बेतात आहोत, किंवा मुलांच्या हिताला धोका आहे, हे कागदपत्रांनिशी दाखवावं लागतं. हा रस्ता आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांना मात्र हा रस्ता सहसा मोकळा नसतो.

आता दुसरी बाजू आपल्याच घरातली. तिकडच्यांना नावं ठेवताना आपण काय करतो तेही बघू.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. महिना १,५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. आपल्याकडे बिदर, कलबुर्गीकडून सुना येतात, त्यांचं काय? सरकारने चांगला निर्णय घेतला: परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल. म्हणजे लग्न होऊन आली की ती आपली. कुटुंबाच्या उत्पन्नात ती मोजली जाते आणि लाभातही मोजली जाते. हिशेब सरळ आहे. ब्रिटनने यातून शिकायला हरकत नाही.

पण आपल्या गावात सेंट्रिंगचं, फरशीचं काम करणारे बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर आहेत. त्यांच्या बायका इथेच धुणीभांडी करतात, इथल्याच दुकानातून साखर-तेल घेतात आणि त्यावर जीएसटी भरतात. योजनेसाठी अधिवास प्रमाणपत्र नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र मागितलं गेलं. पंधरा वर्षं! ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला तिकडे साधारण पाच वर्षांनी कायमची परवानगी मागता येते आणि ती मिळाली की ही अट सुटते. तेव्हा "आधी आपल्यांना" हे वाक्य जगात सगळीकडे एकच आहे. लेस्टरमध्ये ते आपल्या मुलीला ऐकावं लागतं, आपल्या गल्लीत ते आपण ऐकवतो. मला दोन्हीकडे खटकतं.

आणि बेकारभत्ता ही काही गोऱ्यांचीच चैन नाही. काम मागितलं आणि दिलं नाही तर भत्ता द्या, हे तत्त्व रोजगार हमीतून आपल्या महाराष्ट्राने देशाला दिलं. ईएसआयसीत अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला, अटी पूर्ण असतील तर, रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात. किती कामगारांना माहीत आहे? हक्क कागदावर असणं वेगळं आणि माणसाला तो माहीत असणं वेगळं. या दोहोंच्या मधल्या फटीत माणूस पडतो. बीडमध्येही आणि बर्मिंगहॅममध्येही.

आता ज्यांच्या घरी प्रसंग आहे त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी.

पहिली. नोकरी गेली की ज्याची गेली त्याने न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्सची चौकशी ताबडतोब करावी. बायकोच्या व्हिसाचा विचार करत बसू नये.

दुसरी. युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज अटीच्या व्हिसावर असलेल्या माणसाने स्वतःच्या नावाने करू नये. ज्याच्यावर अट नाही त्याने करावा आणि जोडीदाराची माहिती खरी द्यावी. पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात, तेवढी तजवीज ठेवावी.

तिसरी. सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दादांकडून घेऊ नये. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही संस्था तिकडे फुकट सल्ला देते. व्हिसाचा सल्ला द्यायला तिकडे वकील किंवा नोंदणीकृत सल्लागारच लागतो, कुणीही दुकान टाकून बसू शकत नाही. नोंदणी विचारा.

चौथी, आणि ही मुलीच्या आईबापांनी नीट वाचावी. नवरा मारहाण करतो, छळतो, आणि "घर सोडलंस तर तुला इथे कुणी दमडी देणार नाही" असं धमकावतो, तर ते पूर्ण खरं नाही. ब्रिटिश नागरिकाच्या किंवा तिथे कायम झालेल्या माणसाच्या जोडीदाराला घरगुती छळामुळे लग्न मोडलं तर तीन महिन्यांची सवलत मागता येते. त्या काळात सरकारी मदत घेता येते आणि कायम राहण्यासाठी स्वतःच्या नावाने अर्जही करता येतो. अट बाईला घरात कोंडून ठेवण्याचं हत्यार होऊ नये म्हणून ही सोय आहे. तुमच्या मुलीला ती आज माहीत असू द्या, वेळ आल्यावर नाही.

पाचवी गोष्ट लग्न ठरवणाऱ्यांसाठी. पॅकेज विचारता, फ्लॅट विचारता, गाडी विचारता. मुलाचा तिकडचा दर्जा काय, नागरिक की व्हिसावर, मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार, तिच्यावर अटी काय, किती वर्षांनी सुटणार, हेही विचारा. यात अपमान कसला? सोयरीक करताना सातबारा बघतोच ना आपण?

गुरुजींच्या जावयाने शेवटी सल्ला घेऊन अर्ज केला. आठवड्याचा भत्ता सुरू झाला आहे, नोकरीचा शोध चालू आहे. ठेव अजून मोडलेली नाही. पण त्या दोन महिन्यांत त्या पोरीने स्वतःला नवऱ्यावरचं ओझं समजून घेतलं होतं, असं गुरुजी सांगत होते. "माझ्यामुळं यांना काही मिळंना," असं ती आईला म्हणाली होती. एका अटीने कमावत्या बाईला असं वाटायला लावावं, मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

कायदा ब्रिटनने करायचा, तो त्यांचा अधिकार. पण आपली लेक त्या कायद्याखाली राहते तेव्हा बोलायचा अधिकार आपलाही आहे. तिकडे मतदान करणारे मराठी लोक आता कमी नाहीत. गणपतीला खासदाराला आरतीला बोलावता, हार घालता, फोटो टाकता. पुढच्या वेळी आरती झाल्यावर हा एक प्रश्न त्याला विचारा: कमाई दोघांची मोजता, तर मग माणसं दोन का मोजत नाही?

वेगळं मत असेल तर जरूर लिहा. आकडे तपासून लिहा, शिव्या नकोत. आणि कुणाच्या कामाला येईल असं वाटलं तर पुढे पाठवा, परवानगी विचारायची गरज नाही.